आधी ‘नको’

राहीने आईच्या कानातली बाळी ओढली आणि बाळीबरोबर कानाची पाळीही फाटून आली. रुचिता ओरडली नाही. तिने फक्त मान त्या बाजूला झुकवली आणि पोरीची मूठ कधी उघडते याची वाट बघत बसली. नऊ वर्षांत ती तेवढं शिकली होती. झटापट केली की राही आणखी घट्ट धरते. रक्त मानेवरून उतरून गाऊनचा गळा भिजवायला लागलं.

काळूराम घरत नेमका त्याच वेळी दारात आला. बंदरावरून कंटेनर खाली करून, ट्रेलर यार्डात लावून, डोळ्यांत दोन दिवसांची झोप घेऊन. त्याने ते रक्त बघितलं आणि पुढचा विचार केलाच नाही. पायरीवरूनच आत झेपावून त्याने पोरीच्या कानफटात दिली. राही भेलकांडली, तिची भुवई दाराच्या चौकटीवर आपटली आणि तिथून वेगळीच एक धार लागली. मग मात्र रुचिता ओरडली.

एकाच रिक्षात बसून तिघं पेणला गेले. एकाच डॉक्टरने आधी आईच्या कानाला आणि मग लेकीच्या भुवईला टाके घातले. पोरीला धरायला चार माणसं लागली. तिने एका नर्सचा अंगठा चावला आणि डोकं टेबलावर आपटत राहिली. डॉक्टर घामाघूम झाला. हात धुताना तो काळूरामला म्हणाला, "हे असं किती दिवस चालवणार? अलिबागला प्रांजली मॅडम आहेत. अशाच मुलांचं काम करतात. त्यांच्याकडे जा."

"मतिमंद हाय ती डॉक्टर," काळूराम म्हणाला. "तिचा कोन काय करनार?"

"तुम्ही जा तर खरं."

काळूरामच्या हाताला गावात नाव होतं. त्याचा बाप मिठागरावर राबायचा आणि पोरांना फळीने मारायचा. मीठ गोळा करायची ती लाकडी फळी. मिठागरं गेली, तिथे कंटेनरची यार्डं आली, काळूरामच्या हातात ट्रेलरचं स्टेअरिंग आलं, पण हात तोच राहिला. बंदराच्या लाईनमध्ये कोणी गाडी पुढे घुसवली की काळूराम खाली उतरायचा. एकदा त्याने एका ड्रायव्हरचे दोन दात पाडले होते आणि संध्याकाळी त्याच माणसाबरोबर चहा प्यायला होता. मारणं ही त्याला मोठी गोष्ट वाटत नसे. पण राहीला मारलं की रात्री त्याच्या घशाखाली घास उतरत नसे. ती मारते, मी मारतो, मग ती अजून मारते. हे काय चाललंय ते त्यालाही कळत होतं. थांबायचं कसं ते कळत नव्हतं.

प्रांजली मॅडमची खोली समुद्राकडच्या एका गल्लीत, वरच्या मजल्यावर होती. पस्तिशीची बाई, आवाज हळू, कपाळावर जुन्या जखमेचा एक व्रण. राही आत शिरल्या शिरल्या कोपऱ्यातल्या दोरीच्या झोक्यात जाऊन पडली. तिला तसंच पडू देऊन मॅडमनी या दोघांना खाली चटईवर बसवलं.

"शिकवण्यासारखं पुष्कळ आहे," त्या म्हणाल्या. "बोलणं, जेवणं, संडासला सांगणं, कपडे घालणं. सगळं एकदम धरलं तर काहीच होत नाही. मुलंही थकतात, आईबापही थकतात. म्हणून आधी काय, ते ठरवायचं. तुम्हाला काय वाटतं, आधी काय?"

रुचिता म्हणाली, "बाथरूमला सांगायला पायजे. आता मोठी व्हायला लागली मॅडम. पुढे पाळी येईल तिला."

"दादा, तुम्ही?"

काळूरामला विचार करायची गरज नव्हती. "ती मारते, चावते, ते बंद करा. बाकी मग बघू."

"कधी मारते?"

"कवाही."

"कवाही न्हाय," रुचिता हळूच म्हणाली. "केस विंचरताना. ओटीवरनं ओढून आत आनली तर. कोनी गाल ओढला तर. त्या दिवशी मी तिला नवीन फ्रॉक घालत होते. त्याची लेस तिला टोचते."

मॅडमनी मान डोलावली. "म्हणजे तिला नको असतं तेव्हा. तिच्याकडे ‘नको’ म्हणायला शब्द नाही, खूण नाही. दात आहेत, नखं आहेत, तेवढंच ती वापरते. आपण आधी तिला ‘नको’ देऊ. हा असा तळहात पुढे." त्यांनी हात उभा करून दाखवला. "आणि तिने तो पुढे केला की घरात सगळ्यांनी थांबायचं. रस्त्यात गाडी येत असली, विस्तव असला, औषध असलं, तर नाही थांबायचं. पण फ्रॉक, कंगवा, गाल, याला थांबायचं. त्याचा उपयोग होतो हे तिला कळलं की चावणं आपोआप कमी होईल."

"आणि शाळा? लग्नकार्यात चारचौघांत बसनं?"

"ते नंतर."

काळूरामच्या कपाळाची शीर उडायला लागली. "म्हंजे ती नको बोलली की आमी गप मागं सरायचं? बायकोचा कान फाडला तिनं. आनि तुमी तिला अजून नको बोलायला शिकवनार? आधीच ती कोनाचं आयकत न्हाय."

"दादा, ती ऐकत नाही असं नाही. तिचं कोणी ऐकत नाही."

"चल गं," काळूराम उठला. राहीला झोक्यातून बाहेर काढताना तिने त्याच्या मनगटात दात रोवले. तसाच, तिला मनगटाला लोंबकळत ठेवून, तो जिना उतरला.

पनवेलला एका हर्षद सरांचं सेंटर आहे, हे त्याला यार्डातल्या एका ड्रायव्हरने सांगितलं. तिथे मुलं गप बसतात म्हणे. हर्षद सर उंच होते, त्यांच्या शर्टाला इस्त्रीच्या धारा होत्या आणि त्यांनी काळूरामला एकच प्रश्न विचारला: "प्रॉब्लेम काय?" काळूरामने सांगितलं. "तीन महिने," सर म्हणाले. काळूरामला माणूस आवडला.

पद्धत सोपी होती. राहीला खुर्चीत बसवायचं. तिने हात उचलला की "हात खाली!" असं म्हणून दोन्ही मनगटं धरून मांडीवर दाबायची आणि ती झगडायची थांबेपर्यंत सोडायची नाहीत. थांबली की बिस्किटाचा तुकडा. पुन्हा हात, पुन्हा मनगटं. काचेच्या दारातून काळूरामने पहिल्या दिवशी ते बघितलं. आतून येणारी किंकाळी पिंजऱ्यात सापडलेल्या जनावरासारखी होती. राहीने स्वतःची जीभ चावली होती आणि हनुवटीवर लाल फेस आला होता. रुचिता रस्त्यावर जाऊन उभी राहिली.

"आपल्यालापन असाच शिकवलाय," काळूराम तिला बाहेर येऊन म्हणाला. "मेलो काय आपन?"

आणि फरक पडला, हे कबूल करायला हवं. पहिला महिना पोरीच्या मनगटांवर काळेनिळे वळ होते. दुसऱ्या महिन्यात ते फिके झाले, कारण आता दाबायची गरज पडत नव्हती. "हात खाली" म्हटलं की राहीचे हात मांडीवर जायचे, उभी असली तर मांड्यांना चिकटायचे, आणि ती समोरच्या भिंतीकडे बघत राहायची. रुचिताने कित्येक वर्षांनी तिची वेणी घातली. रस्त्याने जाताना बायका थांबून विचारायला लागल्या, काय औषध दिलंस. रुचिता हसायची. तिच्या हातांवरचे चाव्यांचे डाग पुसट होत गेले आणि तिलाही रात्री झोप लागायला लागली. खोटं कशाला बोला, तीही सुखावली होती.

एकदाच तिने विषय काढला. राही अंगणात उभी होती आणि तिच्या पायांवर लाल मुंग्यांची रांग चढली होती, गुडघ्यापर्यंत. पोटऱ्या सुजल्या होत्या. पोरीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात मांड्यांना चिकटलेले होते.

"तिनं झटकल्यापन न्हाईत," रुचिता म्हणाली. "अहो, तिनं मुंग्यापन झटकल्या न्हाईत."

"तिला समजत नसंल," काळूराम म्हणाला आणि मोबाईल बघत राहिला.

काळूरामचा थोरला भाऊ रामा शेजारीच राहायचा. अंगण एकच. रामाची बायको कोकिळा, मुलगी साक्षी आणि मुलगा प्रणय. वीस वर्षांचा, कॉलेज सोडलेला, दिवसभर बुलेटवर फिरणारा. साक्षीचं लग्न ठरलं आणि हळदीला अख्खा मांडव दोन्ही घरांच्या पुढ्यात पडला. दुपारपासून पाहुणे यायला लागले. मागच्या बाजूला आचाऱ्याने चुली पेटवल्या होत्या, मटणाचे टोप चढले होते. डीजेवाला टेम्पोवर भोंगे चढवून आवाज तपासत होता आणि प्रत्येक ठोक्याला पत्रे थरथरत होते.

पूर्वी असल्या आवाजाला राहीने डोकं फोडून घेतलं असतं. आज ती पिवळा परकर घालून मांडवात बसली होती. पाहुण्यांनी कौतुक केलं. एका मामांना खरं वाटेना, तेव्हा काळूरामने त्यांच्यासमोर तिच्या हातात लाडू दिला, तिने तो तोंडाकडे नेला, आणि तो म्हणाला, "हात खाली." लाडू तोंडापाशी आलेला असताना हात खाली गेले. लाडू जमिनीवर पडला. लोक हसले, कोणी टाळ्या वाजवल्या. "मिलिट्री केलीस रं पोरीची!" काळूरामही हसला. त्या गर्दीत प्रणय होता आणि त्याचे दोन मित्र होते. तेही हसले.

तासाभराने रुचिताला पोरगी दिसेना. ती आत बायकांमध्ये शोधायला गेली. काळूराम चुलींच्या बाजूला गेला. तिथून पुढे डीजेचा टेम्पो उभा होता आणि टेम्पोच्या मागे, घराच्या भिंतीच्या आणि चाकांच्या मधल्या बोळात, त्याला भावाच्या पोराचा आवाज ऐकू आला.

"हात खाली!"

आणि ‘चटाक’ असा एक आवाज. मग हसू. मग दुसरा कोणी तरी: "थांब, माझा नंबर. हात खाली!" पुन्हा तो आवाज.

राही भिंतीला पाठ लावून उभी होती. तिच्या दोन्ही गालांवर हळद आणि बोटांचे ठसे एकमेकांत मिसळले होते. ओठ फुटला होता. एका मित्राच्या हातात मोबाईल होता, दुसऱ्याच्या हातात बाटली. प्रणय पुढे झाला. त्याने ओठातली पेटती सिगारेट काढून पोरीच्या दंडाला लावली आणि म्हणाला, "बघ, हलत न्हाय. बघ." पोरीच्या घशातून बारीक, लांब, शिट्टीसारखा आवाज आला. तिचे हात मांड्यांना चिकटलेले होते. बोटं परकराच्या कापडात इतकी रुतली होती की नखं पांढरी झाली होती.

काळूराम ओरडला नाही. तो दोन पावलं मागे गेला, आचाऱ्याच्या टोपातला लोखंडी झारा उपसला आणि बोळात शिरला.

पहिला फटका प्रणयच्या जबड्यावर बसला. ओलं लाकूड फोडावं तसा आवाज झाला. पोरगं भिंतीवर आदळून खाली बसलं तेव्हा त्याच्या तोंडात रक्त आणि तुटलेला दात होता. तरी तो "काका, काका" असंच काहीतरी म्हणायचा प्रयत्न करत होता. काळूरामने दुसरा फटका खांद्यावर घातला, तिसरा त्याने तोंडासमोर धरलेल्या हातावर. मित्र चाकाखालून सरपटत पळाले. काळूराम मारत राहिला. झाऱ्याची दांडी वाकली तेव्हा त्याने तो टाकून दिला आणि लाथा घातल्या. डीजेवाल्याने काही न कळून गाणं चालू केलं, त्यामुळे आतली ओरड कोणाला आधी ऐकूच गेली नाही.

मग माणसं आली. रामाने पोराकडे बघितलं आणि मांडवातली लोखंडी खुर्ची उचलून भावाच्या पाठीत घातली, मग डोक्यात. काळूराम गुडघ्यावर आला. डोळ्यांत रक्त उतरलं आणि त्या लाल पडद्याआडून त्याला कोकिळेची किंकाळी, माणसांचे पाय, उलटलेल्या टोपातून पसरलेला रस्सा असं काय काय दिसलं. आणि राही दिसली. ती तिथेच उभी होती, जागची हलली नव्हती. तिच्या पायांतून ओघळ आला होता आणि परकर भिजला होता. हात मांड्यांना चिकटलेले होते. हात वर कर असं तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

ती बापाकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत जे होतं ते काळूरामने आजवर फक्त ज्यांना मारलं त्यांच्याच डोळ्यांत पाहिलं होतं.

प्रणयचा जबडा दोन ठिकाणी मोडला होता, शिवाय खांद्याचं हाड आणि डाव्या हाताची तीन बोटंही. पट्ट्या बसवून, दातांना तारा बांधून त्याला महिनाभर नळीने पाजावं लागलं. साक्षीचं लग्न मांडव उतरवून घाईघाईत देवळात लावलं. डोक्याला टाके पडल्यावर काळूरामला पोलिसांनी नेलं आणि जामीन मिळेपर्यंत तो आत राहिला. रुचितानेही प्रणयवर तक्रार दिली, राहीच्या दंडावरच्या डागासकट. मोबाईलमधलं चित्रण पुसून टाकलं होतं. बंदराच्या गेटवर काळूरामचा पास थांबवला. केस असलेला माणूस आत चालत नाही. दोन्ही घरांच्या मधल्या अंगणात रामाने पत्रे ठोकले.

आणि राही गप होती. पूर्वीपेक्षाही गप. जेवण तोंडाशी नेलं तर खायची, नाहीतर बसून राहायची. बाप घरात शिरला की तिचे हात मांडीवर जायचे आणि डोळे भिंतीवर.

रुचिताने त्याला विचारलं नाही. तिने पिशवी भरली आणि म्हणाली, "अलिबागला चाललेय. यायचा असेल तर या."

प्रांजली मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मी म्हटलं होतं असं एकदाही म्हणाल्या नाहीत. त्यांनी राहीला झोका दाखवला. ती गेली नाही. मॅडम म्हणाल्या, "दादा, तुम्ही जरा बाहेर जाता?"

काळूराम जिन्यात जाऊन उभा राहिला. थोड्या वेळाने त्यांनी दार अर्धं उघडून त्याला खुणेने बघायला सांगितलं. राही झोक्यात होती. एक पाय बाहेर सोडून, हळूहळू हलत.

"आता आत या."

तो आत आला. झोका थांबला. हात मांडीवर.

"मी तिच्यासाठीच मारला त्याला," काळूराम म्हणाला. "मॅडम, तिच्यासाठीच."

"तुम्हाला ते माहीत आहे. तिने फक्त तुमचा हात बघितला. किती जोरात लागतो ते."

त्याने भिंतीला टेकून तोंड फिरवलं. मॅडमनी त्याला रडू दिलं, मग रुचिताकडे वळल्या. "ताई, आधी काय?"

"नको," रुचिता म्हणाली. "तिला नको शिकवा. बोलनं नको, शाळा नको. मी तिला मरेपर्यंत लंगोट बांधून फिरवीन, मना चालेल. पन कोनी अंगाला हात लावला तर तिनं झटकायला पायजे."

"मग घरात दादांपासून सुरुवात करावी लागेल. तिला सगळ्यात जास्त भीती त्यांची आहे. तिथे ‘नको’ चाललं, तर बाहेर चालेल."

आता कामावर जायचं नव्हतं, त्यामुळे काळूरामला वेळच वेळ होता. रोज सकाळी तो कंगवा घेऊन राहीपासून हातभर अंतरावर खाली बसायचा. राहीला कंगवा आवडत नसे. तो कंगवा थोडा पुढे करायचा. मागे बसलेली रुचिता राहीचं मनगट अलगद उचलून तिचा तळहात पुढे करायची, आणि काळूरामने लगेच "नको. बरं," असं म्हणून कंगवा मागे घ्यायचा, उठायचं आणि लांब जायचं. एवढंच. आयुष्यात कोणापुढे मागे न सरलेला माणूस रोज सकाळी नऊ वर्षांच्या पोरीपुढे मागे सरत होता. पहिले कित्येक दिवस तिचा हात लाकडासारखा होता. रुचिताने सोडला की पुन्हा मांडीवर.

मग एका सकाळी रुचिताने हात उचलायच्या आधीच दोन बोटं हलली. गुडघ्यावरून जेमतेम वर आली. काळूराम इतक्या घाईने मागे सरला की मोरीच्या कट्ट्यावर आपटला. राहीने मान वळवून त्याच्याकडे बघितलं. भिंतीकडे नाही, त्याच्याकडे.

त्यानंतर जे सुरू झालं त्याची त्याला कल्पना नव्हती. पोरीला कळलं, हे चालतं. मग तिला सगळंच नको झालं. भात नको, आंघोळ नको, चड्डी नको, पंखा नको. तळहात पुढे, तळहात पुढे, दिवसभर. एका दुपारी काळूरामने तिला भरवायला घास केला आणि तिने हात पुढे केला. तो म्हणाला, "एकच, बाय, एकच." तिने ताट उडवलं. गरम आमटी त्याच्या तोंडावर आली. त्याचा हात वर गेला. खांद्याच्या वर, पूर्ण, त्याच्या स्वतःच्या बापाच्या हातासारखा. राही आक्रसली आणि तिचे दोन्ही हात मांडीवर गेले.

तो तसाच बाहेर पडला. मधल्या पत्र्यांपाशी जाऊन त्याने पत्र्याला ठोसा घातला, मग दुसरा, मग तिसरा, पत्र्याला पोचे पडेपर्यंत आणि बोटांची सालं निघेपर्यंत. पलीकडून रामा ओरडला, "मस्ती आली का रं?" काळूराम घरात आला. राहीपासून लांब, जमिनीवर बसला, रक्ताळलेले हात पाठीमागे घेतले आणि म्हणाला, "नको बोललीस तू. माझा चुकला. नको म्हंजे नको." तो तिथे बसून राहिला. बऱ्याच वेळाने, आमटी वाळून चिकटल्यावर, राहीने मांडीवरचा एक हात काढून केसात घातला आणि खाजवला. एवढ्यावर त्या दिवशी त्याने समाधान मानलं.

गावातल्या जाणत्यांनी मिटवायचं ठरवलं. भाऊ-भाऊ, एकच रक्त, कोर्टात कशाला. दोघांनी तक्रारी मागे घ्यायच्या. काळूरामचा पास परत चालू होईल, पोराचं लग्नकार्य अडणार नाही. देवळाच्या सभामंडपात रविवारी सकाळी बैठक भरली. एका बाजूला रामा, कोकिळा आणि प्रणय. दुसऱ्या बाजूला काळूराम, रुचिता आणि मध्ये राही. प्रणयचा चेहरा एका बाजूला उतरला होता आणि बोलताना त्याचं तोंड पुरतं उघडत नव्हतं. काळूराम त्याच्याकडे बघत राहिला. हे आपण केलंय, हे त्याने त्या दिवसानंतर पहिल्यांदाच एवढ्या जवळून बघितलं.

"प्रणय, माझा हात चुकला," तो म्हणाला. कोणी सांगायच्या आधी.

प्रणयने खाली बघितलं. सभामंडपातली हवा सैल झाली. एक म्हातारा म्हणाला, "झाला तर मग. आता पोरानं बहिनीला पेढा भरवायचा, की मिटला."

कोकिळेने पेढ्यांचं ताट पुढे केलं. प्रणयने पेढा उचलला आणि राहीसमोर वाकला. "घे गं राही," तो म्हणाला. त्याने वाईट मनाने म्हटलं असेल असं काळूरामला तेव्हाही वाटलं नाही आणि नंतरही नाही.

राहीचे हात मांडीवर गेले. डोळे समोरच्या खांबावर.

"बघा, कशी गुनी बसलीय," कोणीतरी म्हणालं.

पेढा तिच्या ओठांना टेकला. रुचिताने काळूरामकडे बघितलं. सगळं मिटायला एक क्षण उरला होता. पोरगी गप होती, बैठक खूश होती, त्याने फक्त बसून राहायचं होतं.

तो उठला आणि प्रणयच्या बाजूला, राहीच्या समोर उकिडवा बसला. "राही," तो म्हणाला. "पायजे, का नको? सांग बाय."

"आता हे काय?" रामा म्हणाला.

"तिला इचारतो."

"तिला काय इचारतोस? तिला कलतंय काय?"

काळूराम हलला नाही. "सांग बाय. मी इथंच हाय."

राहीची नजर खांबावरून सुटली. ती बापाच्या तोंडावर आली, मग त्या पेढ्यावर, मग प्रणयच्या हातावर. तिचा उजवा हात मांडीवरून निघाला, छातीपर्यंत आला, आणि तळहात उभा झाला. तिने तो प्रणयच्या छातीवर ठेवला आणि ढकललं. तो तसाच वाकून राहिला, तेव्हा तिने त्याच्या मनगटावर नखं रोवली आणि तोंडातून, आयुष्यात पहिल्यांदा, काहीतरी शब्दासारखं बाहेर काढलं. "न्नो!" पेढा फरशीवर पडला.

कोकिळा ओरडली, "माझ्या पोराचा रगत काढला परत! बघा, बघा ही जात!" रामा ताट लाथाडून पुढे आला. काळूरामने राहीला उचलून छातीशी घेतलं आणि पाठ फिरवली. रामाचा ठोसा त्याच्या मानेवर बसला, दुसरा कानामागे, जिथे टाक्यांची जागा होती. डोळ्यांपुढे काजवे चमकले. सगळ्या गावाला वाटलं, आता काळूराम वळणार. तो वळला नाही. राहीचं डोकं हाताने झाकून, भावाचे फटके पाठीवर घेत, तो देवळाच्या पायऱ्या उतरला. मागून रुचिता दोघांच्या मध्ये आडवी आली. तिने रामाला काय ऐकवलं ते गाव अजून बोलतं.

बैठक मोडली. केस राहिली. पेणच्या कोर्टात तारखा पडत राहिल्या आणि पास परत मिळाला नाही. काळूराम पुढे विटांचा टेम्पो चालवायला लागला. पण त्या सकाळी यातलं काहीच त्याच्या डोक्यात नव्हतं. खाडीच्या बांधावरून तो झपझप चालत होता, कानामागून रक्त गळत होतं, आणि पोरीला त्याने इतकं घट्ट धरलं होतं की तिचा श्वास त्याच्या गळ्यावर लागत होता. तिला आयुष्यभर असंच धरून ठेवावं असं त्याला वाटत होतं.

राहीने त्याच्या छातीवर तळहात ठेवला आणि ढकललं.

तो थांबला. "नको?" त्याने विचारलं. तिने पुन्हा ढकललं.

"बरं," काळूराम म्हणाला आणि तिला खाली ठेवलं. ती परकर सावरत, हात हवेत कसेही हलवत, त्याच्यापुढे चालायला लागली.